कोपनहेगनहून एका दिवसात स्वेन्डबोर्ग आणि टॉसिंगे बेट: कसं जायचं, काय बघायचं, काय सोडायचं

कोपनहेगनला राहणाऱ्या किंवा उन्हाळ्यात मुलाकडे-मुलीकडे आलेल्या आपल्या लोकांची फिरायची यादी ठरलेली असते, न्यूहाव्न, जलपरी, टिवोली, फार तर हेल्सिंगोरचा किल्ला, आणि हे सगळं दोन वीकेंडमध्ये संपतं मग प्रश्न पडतो आता कुठे जायचं. माझं उत्तर एकच असतं, फ्यून बेटाच्या दक्षिण टोकाला स्वेन्डबोर्ग म्हणून बंदराचं गाव आहे तिथे जा आणि तिथून समोरच्या टॉसिंगे बेटावरची खेडी बघा. एका दिवसात आरामात होतं, गाडी लागत नाही, आणि डेन्मार्क म्हणजे नुसता सपाट माळ आणि सायकली असं जे डोक्यात बसलेलं असतं ते पार बदलतं, कारण इथे गावातले रस्ते चक्क चढाचे आहेत आणि जिकडे बघाल तिकडे पाणी आणि पाण्यापलीकडे अजून एक बेट.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगतो. ट्रेनचं तिकीट काढायच्या आधी बोटीचं टाइमटेबल बघा. स्वेन्डबोर्गहून हेल्गे नावाची एक जुनी छोटी बोट सुटते, १९२४ साली बांधलेली, आणि ती सुंदाच्या, म्हणजे दोन बेटांमधल्या अरुंद खाडीसारख्या पाण्यातून क्रिस्तियान्समिंदे, ट्रोएन्से असं थांबत थांबत टॉसिंगेवरच्या वाल्डेमार स्लॉट या वाड्यापर्यंत जाते. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणाऱ्या लाँचमध्ये बसलेल्या माणसाला ही बोट लगेच आपली वाटेल, तोच इंजिनचा आवाज, तेच कठड्याला टेकून उभं राहणं. पण ही फक्त उन्हाळ्यात चालते, साधारण मेच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, आणि दिवसाला मोजक्याच फेऱ्या. त्यामुळे दिवस बोटीभोवती आखायचा. बरेच लोक उलटं करतात, स्वस्त ट्रेन मिळाली म्हणून ती पकडतात आणि मग धक्क्यावर पोचतात तेव्हा बोट नुकतीच सुटलेली असते आणि पुढचीला बराच वेळ असतो.

ट्रेन अशी, कोपनहेगनहून ओडेन्सेला जायचं, तिथे उतरून स्वेन्डबोर्गची लोकल गाडी पकडायची. कोपनहेगन ते ओडेन्से साधारण सव्वा ते दीड तास, पुढे ओडेन्से ते स्वेन्डबोर्ग पाऊण तास, मधली बदलाबदली धरून अडीच तास पकडून चाला. सकाळी सातच्या आसपास निघालात तर साडेनऊ-दहाला धक्क्यावर असता. डीएसबी म्हणजे इथली रेल्वे, तिच्या अॅपवर ऑरेंज तिकीट बघा, आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं, फक्त ते त्याच गाडीला चालतं, गाडी चुकली की तिकीट गेलं. म्हणून मी सांगीन जाताना ऑरेंज घ्या आणि येताना बदलता येईल असं साधं तिकीट घ्या किंवा रेजेकॉर्ट, म्हणजे चढताना-उतरताना नोंद करायची आणि तेवढेच पैसे कापले जाणारी सोय, वापरा, म्हणजे संध्याकाळी बंदरावर बसलेलं असताना घड्याळाकडे बघत राहावं लागणार नाही. आणि एक, स्वेन्डबोर्ग वेस्ट म्हणून एक स्टेशन आधी येतं, तिथे उतरू नका, शेवटचं स्टेशन आपलं, ते बंदराला अगदी लागून आहे.

वाटेत स्टोअरबेल्ट ही सामुद्रधुनी लागेल तेव्हा मोबाईल खाली ठेवा. झीलंड, म्हणजे कोपनहेगन ज्यावर आहे ते बेट, सोडल्यावर ट्रेन आधी समुद्राखालच्या बोगद्यात शिरते, सुमारे ८ किलोमीटर, मग मधल्या स्प्रोगो नावाच्या छोट्या बेटावर वर येते आणि तिथून पुढे पाण्यावरच्या लांबलचक पुलावरून फ्यूनला पोचते. गाड्यांसाठीचा जो उंच झुलता पूल आहे त्याचे खांब २५४ मीटर उंच आहेत आणि दोन खांबांमधलं अंतर १,६२४ मीटर, तो उजेडात लांबून दिसतो. ट्रेनचा हा रस्ता १९९७ ला सुरू झाला आणि गाड्यांचा १९९८ ला, त्याआधी सगळी वाहतूक फेरीबोटीने व्हायची. गाडी घेऊन जाणार असाल तर पुलाचा टोल भरपूर आहे हे धरून चाला, चार माणसं असतील तरच परवडतं. आणि पार्किंग डिस्क काचेला लावून वेळ फिरवायला विसरू नका, दंड झाला तर टोलपेक्षा जास्त लागेल.

पोचल्या पोचल्या बोट लगेच असेल तर सरळ बोटीत बसा, गाव संध्याकाळी बघता येतं. तास-दीड तास हातात असेल तर गावात चढा. तोर्वेट म्हणजे चौक, तिथे व्हॉर फ्रूए चर्च आहे उंचावर, तिथून खाली बंदर दिसतं. स्वेन्डबोर्गला शहराचा दर्जा १२५३ साली मिळाला, म्हणजे गाव बऱ्यापैकी जुनं आहे, आणि जुन्या गल्ल्यांमध्ये लाकडी चौकटीत विटा भरून बांधलेली घरं अजून उभी आहेत, त्यातलं आन व्हीदेस गोर्ड हे सोळाव्या शतकातलं घर चुकवू नका. मोल्लरगेदे या गल्लीत छोटी छोटी दुकानं आहेत, साखळी ब्रँडवाली नाहीत. बेकरीत ब्रुन्सविगर मागा, फ्यूनचा खास केक आहे, पावासारख्या पिठावर लोणी आणि ब्राउन शुगरचा थर, गरम कॉफीबरोबर एक तुकडा पुरे होतो, दोन घेऊ नका, पुढे चालायचं आहे.

बंदर मात्र निवांत बघा कारण या गावाचा सगळा इतिहास बंदरात आहे. आपल्यापैकी ज्यांनी उरणच्या रस्त्याला कंटेनरच्या रांगा बघितल्यात त्यांना मर्स्क या जहाज कंपनीचं नाव आणि निळ्या चौकोनातला पांढरा सात टोकांचा तारा ओळखीचा आहे, न्हावाशेवा बंदरातलं एक टर्मिनल त्यांचीच एपीएम टर्मिनल्स चालवते. ती कंपनी सुरू झाली ती या छोट्या गावात. १९०४ साली ए. पी. मोल्लर आणि त्यांचे वडील कप्तान पीटर मर्स्क मोल्लर यांनी डांपस्किब्सेल्स्काबेट स्वेन्डबोर्ग नावाची आगबोट कंपनी काढली. ताऱ्याची गोष्ट त्याहून जुनी, पीटर यांची बायको आना आजारातून बरी झाली म्हणून त्यांनी १८८६ मध्ये आपल्या लाउरा या आगबोटीच्या धुराड्यावर तारा लावला. आजही इथे लाकडी जहाजं दुरुस्त करणारा रिंग-आनर्सन हा कारखाना चालू आहे, १८६७ पासून, फ्रेडरिक्सो या बंदरातल्या छोट्या बेटावर. जुनी शिडाची जहाजं तिथे बांधलेली असतात, जवळ जाऊन बघता येतात, लाकडाचा आणि डांबराचा वास येतो. मला विचाराल तर गावात फक्त एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर ही बघा.

आता बोट. बोटीत डाव्या-उजव्या बाजूचा फार विचार करू नका, दोन्हीकडे बघण्यासारखं आहे, फक्त बाहेर बसा आणि जाकीट घालून बसा, जुलैमध्येसुद्धा पाण्यावर वारा बोचतो. पहिल्यांदा क्रिस्तियान्समिंदे लागतं, तिथे पुळण आहे, लहान मुलं असतील आणि ऊन चांगलं असेल तर काही लोक तिथेच उतरून अख्खा दिवस काढतात, त्यातही चूक काही नाही. पण पहिल्यांदा जात असाल तर पुढे ट्रोएन्सेला उतरा.

ट्रोएन्से हे टॉसिंगे बेटावरचं कप्तानांचं खेडं. एकोणिसाव्या शतकात इथली माणसं जहाजं बांधायची आणि जगभर घेऊन जायची आणि कमावलेल्या पैशातून इथे घरं बांधायची. ग्रोन्नेगेदे नावाची गल्ली आहे, गवताने शाकारलेली बुटकी घरं, भिंतीला चढवलेले गुलाब, दाराशी होलीहॉकची उंच झाडं, आणि खिडक्यांमध्ये चिनी मातीचे पांढरे कुत्रे ठेवलेले दिसतील. त्यांची गोष्ट अशी सांगतात की कप्तान समुद्रावर असला की कुत्र्यांची तोंडं बाहेर, घरी आला की आत. खरं असो नसो, खिडक्या बघत चालायला मजा येते. पण या घरांत माणसं राहतात हे लक्षात ठेवा, खिडकीला कॅमेरा लावून फोटो काढू नका, फाटक उघडून अंगणात जाऊ नका. गल्लीचा फोटो काढा, घराच्या आतला नको. दोन-चार घरांच्या बाहेर छोटं टेबल आणि त्यावर जॅम, बटाटे, फुलं ठेवलेली असतात, माणूस कोणी नसतं, पैसे डब्यात टाकायचे. डॅनिश लोक मोबाईलपेने भरतात पण त्याला इथलं बँक खातं लागतं, म्हणून आई-बाबांना पाठवत असाल तर त्यांच्या खिशात दहा-वीस क्रोनरची नाणी द्या, बाकी सगळीकडे कार्ड चालतं.

ट्रोएन्सेहून वाल्डेमार स्लॉटपर्यंत पाण्याच्या कडेकडेने चालत साधारण अर्धा तास लागतो आणि हे चालणं माझ्या मते सगळ्या दिवसातलं सगळ्यात सुंदर, एका हाताला सुंद आणि पलीकडे थुरो बेट, दुसऱ्या हाताला शेतं. पाय दुखत असतील तर पुन्हा बोटीत बसून जाता येतं, फक्त पुढची फेरी कधी आहे हे उतरतानाच बघून ठेवायचं.

वाल्डेमार स्लॉट हा वाडा राजा चौथ्या क्रिस्तियानने आपल्या वाल्डेमार क्रिस्तियान या मुलासाठी १६३९ ते १६४४ मध्ये बांधून घेतला. मुलगा काही इथे सुखाने राहिला नाही, रशियाच्या झारच्या मुलीशी लग्न ठरलं म्हणून मॉस्कोला गेला, तिथे लग्न तर झालंच नाही वर अडकवून ठेवलं, आणि शेवटी १६५६ मध्ये पोलंडमधल्या लढाईत मेला. नंतर स्वीडनशी झालेल्या युद्धात वाड्याची नासधूस झाली. १६७७ मध्ये डॅनिश आरमाराचा सेनापती नील्स यूएल याने कोगेच्या उपसागरात स्वीडिश आरमाराला हरवलं, पकडलेल्या जहाजांच्या बक्षिसाच्या पैशातून त्याला हा वाडा मिळाला आणि पुढे कितीतरी पिढ्या त्याच्याच घराण्याकडे राहिला. आत जाता येईल की नाही हे निघायच्या आधी नक्की बघून घ्या, ते मोसमाप्रमाणे बदलतं. पण आत नाही गेलात तरी काही अडत नाही, बाहेरून फेरी मारा, समोरचं तळं आणि तळ्याच्या टोकाला समुद्राकडे तोंड करून असलेला छोटा चहाचा मंडप बघा, डबा तिथेच जवळपास गवतावर बसून उघडा. जवळच आंब्रोसिउसचा ओक म्हणून एक अवाढव्य जुनं झाड आहे, अठराव्या शतकातला कवी आंब्रोसिउस स्टुब वाड्यात नोकरीला होता आणि या झाडाखाली बसून लिहायचा असं इथले लोक सांगतात.

डब्याचं म्हणाल तर खेड्यांमध्ये खाण्याची ठिकाणं कमी आणि ती पण कधी उघडी कधी बंद, त्यामुळे घरून नेलेलं बरं, दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, जे टिकतं ते. पाणी नळाचं भरून घ्या, सगळीकडे पिण्यासारखं असतं. स्वेन्डबोर्गमध्ये जेवणार असाल आणि मासे खात असाल तर बंदरावर फिस्कफ्रिकाडेलर म्हणजे माशाचे वडे रेमुलाडबरोबर घ्या. शाकाहारी असाल तर कार्टोफेलमॅड मागा, काळ्या राय ब्रेडवर उकडलेल्या बटाट्याचे काप, वर मेयोनेज, कुरकुरीत कांदा आणि पात, पोटभर होतं, फक्त बेकन घालू नका असं आधी सांगा, आणि मेयोनेजमध्ये अंडं असतं हे अंडं न खाणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

इथून पुढे दोन वाटा आहेत आणि कुठली घ्यायची हे बरोबर कोण आहे त्यावर ठरवा. बरोबर साठी-सत्तरीची माणसं किंवा अगदी लहान मुलं असतील तर वाड्यापासून बोटीने परत स्वेन्डबोर्गला या, तेवढाच दिवस भरपूर झाला, बोटीतला परतीचा पाऊण-एक तास त्यांना आवडेल. पायात जोर असेल तर सकाळीच स्वेन्डबोर्गमध्ये सायकली भाड्याने घ्या (बोटीवर चढवायची असेल तर तिकीट काढतानाच विचारून घ्या) आणि वाड्यापासून बेटाच्या आत ब्रेग्निंगेकडे वळा. कोपनहेगनहून सायकल ट्रेनमध्ये घालून आणायच्या भानगडीत पडू नका, लांबच्या गाडीत सायकलची जागा वेगळी राखून ठेवावी लागते आणि उन्हाळ्यात ती पटकन भरते.

ब्रेग्निंगेचं चर्च टेकडीवर आहे, समुद्रसपाटीपासून सत्तर-बहात्तर मीटरच, आपल्याकडे याला कोणी टेकडीपण म्हणणार नाही, पण सायकल घेऊन चढताना दम लागतो आणि वर गेल्यावर कळतं की लोक इथे का येतात. चर्चच्या बुरुजावर चढता येतं, अरुंद जिना आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी खालूनच बघावं, खालूनही छान दिसतं. वरून अख्खं दक्षिण फ्यूनचं बेटांचं जाळं दिसतं, हवा स्वच्छ असेल तर एरो, लांगेलांड, मधली चिमुकली बेटं, सगळी. हे सगळं एकेकाळी जमीनच होती, हिमयुगानंतर समुद्र वर चढला, दऱ्या आणि सखल भाग बुडाले आणि टेकड्यांची टोकं तेवढी बेटं म्हणून राहिली, हे पुस्तकात वाचून कळत नाही ते या बुरुजावरून एका नजरेत कळतं. म्हणूनच या भागाला २०२४ मध्ये युनेस्कोने जिओपार्क म्हणून मान्यता दिली. मी म्हणेन की ढगाळ दिवस असेल तर ब्रेग्निंगे सोडा आणि स्वेन्डबोर्गमधलं गरीबघराचं म्युझियम करा, आणि आकाश निळं असेल तर म्युझियम सोडा पण ब्रेग्निंगे सोडू नका. चर्चच्या आत जाता आलं तर छताकडे बघा, डॅनिश किनाऱ्यावरच्या चर्चमध्ये जहाजाची लाकडी प्रतिकृती टांगलेली असते, समुद्रावर गेलेल्यांसाठी. आत प्रार्थना किंवा लग्न चालू असेल तर बाहेर थांबायचं.

तिथून थोडं दक्षिणेला लांडेट गाव, आणि तिथल्या चर्चच्या आवारात एल्विरा मादिगान आणि सिक्स्टन स्पारे यांची कबर आहे. ती सर्कशीत तारेवर चालणारी २१ वर्षांची मुलगी, तो स्वीडिश घोडदळातला लेफ्टनंट, पळून आले, शेवटचे दिवस स्वेन्डबोर्ग आणि ट्रोएन्सेला काढले आणि १८८९ च्या जुलैमध्ये पैसे संपल्यावर इथल्या नोररेस्कोव्ह जंगलात त्याने आधी तिला आणि मग स्वतःला गोळी घातली. इथे नव्या नवऱ्या लग्नातला फुलांचा गुच्छ आणून ठेवतात अशी प्रथा आहे आणि सगळीकडे ही मोठी प्रेमकथा म्हणून सांगतात. मला तसं सांगणं पटत नाही, त्याला बायको होती, दोन लहान मुलं होती, आणि त्या मुलीला मरायचं होतं का हे कोणालाच विचारता आलं नाही. जायचं तर जा, पण मुलांना बरोबर नेत असाल तर गोष्ट पूर्ण सांगा.

परत येताना मुख्य रस्त्याने सरळ उत्तरेला व्हिन्डेबी आणि तिथून स्वेन्डबोर्गसुंद पूल. हा १९६६ चा, १,२२० मीटर लांब, खालून शिडाची जहाजं जातात म्हणून ३३ मीटर उंच ठेवलाय. सायकलीला वेगळी पट्टी आहे पण वर वारा आडवा येतो, मुलं असतील तर उतरून ढकलत न्या, घाई कसली आहे. सायकल नको असेल तर याच मुख्य रस्त्यावरून लांगेलांडकडून येणाऱ्या बस ब्रेग्निंगेमार्गे जातात, रेजेप्लानेन अॅपवर बघा, शनिवार-रविवारी फेऱ्या कमी होतात.

पाऊस लागला तर, आणि डेन्मार्कमध्ये तो लागतोच, स्वेन्डबोर्गमधलं फोर्सोर्ग्सम्युझियम बघा. हे गावातलं जुनं गरीबघर, १८७२ ते १९७४ पर्यंत खरोखर चालू होतं. ज्याला काम नाही, घर नाही, दारूचं व्यसन आहे, म्हातारपणी कोणी नाही अशांना इथे ठेवायचे, दगड फोडायला लावायचे, आणि सरकारी मदत घेतली म्हणून मतदानाचा हक्कसुद्धा काढून घ्यायचे. आपण इथल्या मोफत दवाखान्याचं आणि शाळांचं कौतुक करतो पण ते या देशात आधीपासून नव्हतं, माणसांना अशा खोल्यांमध्ये कोंडून मग हळूहळू तिथपर्यंत आले, हे या इमारतीत फिरताना समजतं. तासभर तरी द्या. मुलांना कंटाळा येईल असं वाटत असेल तर त्यांना नातुरामा या प्राण्यांच्या म्युझियमला न्या, तिथे व्हेल माशांचे अख्खे सांगाडे आहेत.

नाटकवाल्यांसाठी एक वेगळी वाट. पुलंनी तीन पैशाचा तमाशा ज्याच्या नाटकावरून केला तो बर्टोल्ट ब्रेश्त हिटलर सत्तेवर आल्यावर जर्मनीतून पळाला आणि १९३३ ते १९३९ स्वेन्डबोर्गच्या पश्चिमेला स्कोव्ह्सबोस्ट्रांडला गवताने शाकारलेल्या घरात राहिला. जर्मन विचारवंत वॉल्टर बेन्यामिन त्याच्याकडे उन्हाळ्यात यायचा आणि दोघं बागेत बुद्धिबळ खेळायचे. घर म्युझियम नाही, आत जाता येत नाही, रस्त्यावरूनच बघायचं, पण सायकलवर असाल आणि रंगभूमीवर जीव असेल तर तेवढ्यासाठी वळण घ्यायला हरकत नाही.

थुरो बेटाला स्वेन्डबोर्गहून रस्त्याने जाता येतं, घोड्याच्या नालासारखा आकार आहे, मधल्या खाडीत शेकडो शिडाच्या होड्या, पण टॉसिंगे आणि थुरो दोन्ही एका दिवसात कोंबायचा हट्ट करू नका, दुसरं घाईत होईल. स्कारो आणि द्रेयो ही अगदी छोटी बेटं, तिथे पण इथूनच फेरीने जातात, ती वेगळ्या दिवशी. आणि एरो बेटावरचं एरोस्कोबिंग गाव बघायचंय असं कोणी म्हणालं तर त्यांना सांगा की फेरीच सव्वा तासाची आहे, कोपनहेगनहून एका दिवसात गेलात तर गावात दोन-तीन तासच मिळतील, तिथे रात्री राहायचं.

जायचा महिना म्हणाल तर जूनचा दुसरा पंधरवडा ते ऑगस्टचा शेवट, जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो त्यामुळे परतीची गाडी उशिराची घेतली तरी अंधार होत नाही. २३ जूनला संध्याकाळी किनाऱ्यावर सांक्त हान्सच्या होळ्या पेटवतात, ती बघायची असेल तर शेवटची ट्रेन कधीची आहे ते सकाळीच बघून ठेवा आणि ओडेन्सेला पुढची गाडी मिळते की नाही तेही, कारण दुसरी गाडी चुकली तर रात्र ओडेन्से स्टेशनवर काढावी लागेल. रविवारी स्वेन्डबोर्गमधली बरीच छोटी दुकानं बंद असतात आणि शनिवारी दुपारनंतर पण, म्हणून शक्य असेल तर शुक्रवारी सुट्टी टाका, बोटीत जागा पण मिळते आणि बेकरीत ब्रुन्सविगर पण उरलेला असतो.